"काही नाही" म्हणणाऱ्या मुलाच्या मनात काय चाललंय, ते ओळखायचं कसं

मूल रडलं, ओरडलं, शाळेत जाणार नाही म्हणून दारातच बसून राहिलं की निदान आपल्याला कळतं तरी की काहीतरी बिनसलंय. खरा घोळ होतो तो न रडणाऱ्या मुलांच्या बाबतीत. विचारलं की "काही नाही", परत विचारलं की "काही नाही म्हटलं ना", आणि तिसऱ्यांदा विचारलं की दार आपटलं. मग आपण एकतर पिच्छा पुरवतो, नाहीतर "असेल काहीतरी, होईल नीट" म्हणून सोडून देतो आणि दोन्हीकडे हाती काही लागत नाही.

तर सगळ्यात आधी उदास चेहरा शोधणं बंद करा. डिप्रेशन म्हणजे माणूस गप्प होतो, खिडकीतून बाहेर बघत बसतो, डोळ्यात पाणी, असं एक चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि तेच आपण मुलांमध्ये शोधत राहतो. मुलांमध्ये ते बऱ्याचदा चिडचिड होऊन बाहेर पडतं. मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर लोक डीएसएम-5 नावाची जी नियमावली वापरतात तिच्यातसुद्धा हे आहे, की मुलं आणि टीनएजर यांच्या डिप्रेशनमध्ये उदासपणाच्या जागी चिडचिड असली तरी ती धरायची. म्हणजे जो मुलगा "फार उद्धट झालाय हल्ली" म्हणून रोज बोलणी खातोय तो आतून पार खचलेला असू शकतो. प्रत्येक उद्धट मुलगा खचलेलाच असतो असं नाही हां, उगाच उलटा अर्थ काढू नका.

मग शोधायचं काय, तर बदल. आणि तो बदल मोजायचा त्याच मुलाच्या दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी, भावंडाशी नाही, वर्गातल्या टॉपरशी नाही, आणि "मी तुझ्या वयाची होते तेव्हा" याच्याशी तर अजिबातच नाही. जन्मापासून अबोल असलेलं मूल अबोल आहे यात काळजीचं काही नाही, काहींचा स्वभावच तसा असतो आणि ती मजेत असतात. पण घरी आल्या आल्या बूट काढायच्या आधी शाळेतली सगळी रामकहाणी सांगणारी मुलगी महिनाभर नुसती "हं" म्हणतेय, तर तिथे थांबून बघायला हवं. इंटरनेटवर लक्षणांच्या भल्या मोठ्या याद्या असतात, त्या वाचत बसलं की जगातलं प्रत्येक मूल आजारी वाटायला लागतं, त्यापेक्षा हा एकच प्रश्न कामाचा आहे, "हे माझ्या मुलाच्या नेहमीच्या वागण्यातलं आहे का?"

आता त्यासाठी मुलाचं नेहमीचं वागणं आपल्याला माहिती पाहिजे, आणि इथेच गंमत आहे, आपल्याला वाटतं आपल्याला सगळं माहितीये पण विचारलं की सध्या त्याचा बेस्ट फ्रेंड कोण, तर आपण गेल्या वर्षीचं नाव सांगतो. म्हणून एक साधी वही करा किंवा फोनमध्ये नोट उघडा आणि दोन आठवडे रोज रात्री चार ओळी लिहा. झोप कशी झाली, जेवण कसं होतं, कशात रमला, कुणाशी बोलला किंवा खेळला, अंगात काही दुखतंय म्हणाला का, आणि राग किंवा रडू कधी आलं. लिहिताना जे दिसलं तेच लिहायचं, त्यातून काढलेला अर्थ नाही. "आज फार डिप्रेस होता" असं लिहिलं तर नंतर वाचून काही कळत नाही. "साडेअकरापर्यंत जागा, तीनदा पाणी प्यायला उठला, सकाळी पोट दुखतंय म्हणाला, शाळेचा ग्रुप फोटो दाखवला तर उठून गेला" असं लिहिलं की दहाव्या दिवशी आपोआप काहीतरी दिसायला लागतं. सगळं दर सोमवारी होतंय, किंवा पीटीच्या दिवशीच होतंय, किंवा घरी एक ठरावीक माणूस आला की होतंय. ही वही मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा मात्र, आपल्यावर पाळत ठेवतायत असं त्याला वाटलं की संपलं.

पोट दुखतंय, डोकं दुखतंय

लहान मुलांकडे "मला अस्वस्थ वाटतंय, भीती वाटतेय" असं सांगायला शब्दच नसतात, त्यामुळे काम शरीर करतं. पोटदुखी, डोकेदुखी, मळमळ, "पाय दुखतात", सारखं शू लागणं. यातली सगळ्यात मोठी खूण म्हणजे वेळ. शाळेच्या दिवशी सकाळी दुखतं, अकरा वाजता थांबतं, सुट्टीच्या दिवशी दुखतच नाही, आणि सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी परत सुरू होतं. असं दिसलं की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो "नाटक". तो गिळा. टेन्शनने दुखणारं पोट खरोखर दुखतं, आतडं आणि मेंदू यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते आणि घाबरलेल्या माणसाच्या पोटात कळ येणं ही शरीराची खरी प्रतिक्रिया आहे. "नाटक करू नकोस" हे एकदा ऐकलं की मूल पुढच्या वेळी दुखणंही सांगणार नाही, आणि आपल्याला वाटेल बरं झालं.

पण याची दुसरी बाजू पण आहे आणि ती विसरून चालणार नाही. सगळं मनावर ढकलण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. वजन कमी होतंय, ताप येतोय, शौचातून रक्त, दुखण्याने रात्री झोपेतून जाग येते, सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी, यातलं काहीही असेल तर ते आधी शरीराचं प्रकरण आहे असं धरूनच चालायचं. शिवाय उलटंही होतं, अंगात रक्त कमी असलं, थायरॉईड बिघडलं, रात्री घोरण्यामुळे झोप नीट होत नसली, कमी ऐकू येत असलं किंवा फळ्यावरचं दिसत नसलं तरी मूल चिडचिडं, थकलेलं, लक्ष नसलेलं दिसतं आणि आपण मनात कारण शोधत बसतो. एक साधी तपासणी आणि एक चष्मा यात सुटणारा प्रश्न असेल तर तो तिथेच सुटू दे ना.

शाळेत शहाणं, घरी राक्षस

टीचर म्हणतात "इतकं गुणी मूल आहे" आणि घरी आल्यावर पाचव्या मिनिटाला पायमोजा उलटा निघाला यावरून आकांडतांडव. आईबापांना वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, किंवा मूल आपल्यालाच छळतंय. होतं असं की दिवसभर ते मूल नियम पाळतंय, आवाज सहन करतंय, कुणी काही बोललं तर गिळतंय, चेहरा नीट ठेवतंय, आणि दाबून धरलेली स्प्रिंग जिथे सोडली तरी चालेल तिथेच ती सुटते. घर सेफ आहे म्हणून तिथे फुटतंय. तेव्हा शाळेतून आल्यावरचा पहिला अर्धा तास प्रश्न नकोत. "कसा होता दिवस, टेस्टचं काय झालं, होमवर्क काय दिलंय" हे सगळं नंतर. खायला द्या, पाणी द्या, लोळू द्या. हे केल्यावर आठवडाभरात फरक पडला तर तो थकवा होता. नाही पडला, आणि रोजच असं होतंय, आणि आधी असं होत नव्हतं, तर शाळेत त्याला काय एवढं दाबून धरावं लागतंय ते शोधायला हवं. अभ्यासातलं काही समजत नसणं, वाचताना अक्षरं पटकन न लागणं, कुणीतरी त्रास देणं, काहीही असू शकतं. लिहिण्यावाचण्यातल्या अडचणी तर हुशार मुलं वर्षानुवर्षं लपवतात, पाठांतर करून, शेजारच्याचं बघून, वर्गात विनोद करून. वर्गातला विदूषक मुलगा हा नेहमीच मजेत असतो असं समजू नका.

सगळ्यात जास्त निसटतात ती "गुणी" मुलं

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण यांच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, घरचं नाही, शाळेचं नाही. जे मूल वस्तू फेकतं त्याला निदान काउन्सेलरकडे तरी पाठवतात. जे मूल वेळेवर अभ्यास करतं, मार्क आणतं, उलट बोलत नाही, पाहुण्यांसमोर नीट वागतं त्याला शाबासकी मिळते आणि ते तसंच पुढे ढकलत राहतं. पण बारकाईने पाहिलं तर खुणा असतात. एक ओळ लिहून खोडायची, परत लिहायची, परत खोडायची, शेवटी कागद फाटेपर्यंत. अर्धा मार्क गेला तर रडणं, तेही बाथरूममध्ये नळ सोडून. दिवसातून वीस वेळा "सॉरी". सारखं सारखं "तू रागावलीस का माझ्यावर?" विचारणं, आणि "नाही गं" म्हटलं तरी दहा मिनिटांनी परत तेच. हरण्याची शक्यता असेल असा खेळच न खेळणं, नवीन क्लासला जायचं नाही, स्टेजवर जायचं नाही, कारण विचारलं तर "मला आवडत नाही". स्वतःला काही हवंय असं कधीच न म्हणणं. यातलं एखादं असलं तर सोडा, पण तीन-चार एकत्र दिसले आणि ते वाढत चालले असले तर ही शिस्त म्हणून कौतुक करण्याची गोष्ट राहत नाही, आतमध्ये भीती बसलीये.

ज्या घरात कुणीतरी आधीच अडचणीत असतं तिथे हे हमखास होतं. भावंड आजारी आहे, आईबापांची भांडणं चालू आहेत, कुणाची नोकरी गेलीये, आजीआजोबांचं काही झालंय. अशा घरातलं एक मूल मनातल्या मनात ठरवून टाकतं की यांना आधीच इतकं टेन्शन आहे, त्यात माझं नको. ते धाकट्याला सांभाळतं, आईला पाणी आणून देतं, बाबांचा मूड बघून खोलीत शिरतं, आणि सगळे म्हणतात "वयाच्या मानाने किती समजूतदार आहे". आठ-दहा वर्षांचं मूल मोठ्यांचा मूड सांभाळत असेल तर त्याच्यावर वयापेक्षा जास्त ओझं पडलंय एवढं नक्की. अशा मुलाला "काही प्रॉब्लेम आहे का" असं विचारून कधीच उत्तर मिळणार नाही. त्याला आधी सांगावं लागतं की "घरातलं टेन्शन आम्ही मोठे बघतोय, ते तुझं काम नाहीये, आणि तुझं काही असेल तर त्यासाठी आमच्याकडे जागा आहे", आणि मग खरंच रोज पंधरावीस मिनिटं फक्त त्याच्यासाठी काढावी लागतात, भावंडाशिवाय, फोनशिवाय. नुसतं सांगून काही होत नाही, मुलं बोलण्यापेक्षा वागणं बघतात.

वयाप्रमाणे थोडं

अगदी लहान मुलं मागे जातात. म्हणजे रात्री कोरडं राहायला लागलेलं मूल परत अंथरूण ओलं करायला लागतं, बोबडं बोलायला लागतं, चिकटून बसतं, एकटं झोपत नाही. सहा महिने किंवा जास्त कोरडं राहून परत सुरू झालं असेल तर डॉक्टरांना दाखवा, लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, डायबेटिस हे तपासून झालं की मग घरात काय बदललं ते बघा. त्यांचा खेळ पण बघत जा, एकच भीतीदायक प्रसंग बाहुल्यांशी रोज रोज खेळला जातोय आणि त्यातून मजा येताना दिसत नाहीये, तर त्याला काहीतरी सांगायचंय. आणि घरी पोपटासारखं बोलणारं मूल शाळेत महिनोन्‌महिने तोंडच उघडत नसेल तर "लाजाळू आहे, होईल मोठा झाल्यावर" म्हणत वर्ष घालवू नका, याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात, हा चिंतेचा एक प्रकार आहे आणि लवकर उपचार सुरू केले तर सुधारणा चांगली होते.

टीनएजरचं मात्र अवघड आहे कारण निम्मी लक्षणं त्या वयाचीच असतात. दार बंद करणं, आईबापांची लाज वाटणं, उशिरापर्यंत जागणं. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं त्यामुळे रात्री अकरापर्यंत झोप न येणं हा आळस पण नाही आणि आजार पण नाही. पण 13 ते 18 वयात 8 ते 10 तास झोप लागते, 6 ते 12 वयात 9 ते 12 तास, आणि ती महिनोन्‌महिने पाच-साडेपाचवर आली असेल तर चिडचिड आणि रडू आपोआप येणार, मग मूळ दुखणं कुठलं आणि झोपेमुळे झालेलं कुठलं हे वेगळं काढताच येत नाही, म्हणून झोप आधी दुरुस्त करा. फरक ओळखायची माझी सोपी पद्धत अशी, की आईबापांपासून लांब जाणं हे त्या वयाला धरून आहे, पण मित्रांपासूनही लांब जाणं नाही. खोलीचं दार आपल्यासाठी बंद आहे पण आतून मित्रांशी हसण्याचा आवाज येतोय, तर ठीक. दार बंद, फोन पण पालथा, खेळ सोडला, गिटार कोपऱ्यात, ग्रुप सोडला, "काय करायचंय जाऊन" हे वाक्य सारखं, तर ठीक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 10 ते 19 या वयात साधारण सातातल्या एकाला कुठला ना कुठला मानसिक त्रास असतो, म्हणजे वर्गातल्या प्रत्येक दोन-तीन बाकांमागे एक मूल धरा. आपलं त्यात नसेलच असं धरून चालण्यात काही अर्थ नाही, आणि असेल तर त्यात आभाळ कोसळण्यासारखंही काही नाही.

खाण्याकडेही लक्ष असू द्या, पण टोकू नका. अचानक "मी नंतर खाते", सगळ्यांबरोबर न बसणं, जेवण झाल्या झाल्या बाथरूममध्ये जाणं, सैल कपडे, आरशासमोर तासन्‌तास किंवा आरसाच टाळणं. हा खाण्याचा त्रास मुलग्यांमध्येही होतो, फक्त मुलींचा आहे असं नाही.

दुसऱ्यांना विचारा, कारण आपल्याला अर्धंच दिसतं

1987 मध्ये अकेनबाख नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा आढावा घेतला होता, एकाच मुलाबद्दल आईबाप काय सांगतात, शिक्षक काय सांगतात आणि मूल स्वतः काय सांगतं यांची तुलना करणाऱ्या शंभरच्या वर अभ्यासांचा. मेळ फारच कमी निघाला. याचा अर्थ कुणीतरी खोटं बोलतंय असा नाही, मूल वेगवेगळ्या ठिकाणी खरंच वेगवेगळं असतं. म्हणून टीचरना भेटलात की "कसा आहे अभ्यासात?" हे विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला प्रगतिपुस्तकात मिळतंच. विचारा की मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतो, ग्रुप पाडायला सांगितलं की त्याला कोण घेतं, आधी हात वर करायचा आता करतो का, सिक रूममध्ये कितीदा जातो, डबा खातो का. बसवाले काका, खेळाचे सर, मित्राची आई, यांना बऱ्याचदा जास्त माहिती असते. फक्त चौकशी मुलाच्या पाठीमागे गावभर करू नका, एकदोघांना पुरे.

आता बोलायचं कसं

समोर बसवून, डोळ्यात डोळे घालून "आज आपण बोलूया हं" असं केलं की मूल गार होतं, इन्टरव्ह्यू वाटतो तो. शेजारी शेजारी असताना मुलं जास्त बोलतात. गाडीत, चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, अंधारात झोपायच्या आधी. सुरुवात प्रश्नाने करू नका, जे पाहिलंत त्याने करा. "मला दिसलं की हल्ली तू खाली खेळायला जात नाहीस, आणि रविवारी संध्याकाळी तुझं पोट दुखतं. मला माहिती नाही कशामुळे, पण मला ते दिसलंय." एवढंच. आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे, त्या शांततेत आपल्याला इतकं अस्वस्थ होतं की आपणच पुढचं वाक्य बोलून टाकतो, "टीचर ओरडल्या का? कुणी मारलं का? मार्कांचं टेन्शन आहे का?" आणि मुलाला फक्त "नाही, नाही, नाही" म्हणायचं काम उरतं.

शब्द सापडत नसतील तर आकडा विचारा, शून्य म्हणजे मस्त आणि दहा म्हणजे अजिबात सहन होत नाही, आज किती? "सात" म्हणणं "मला भीती वाटते" म्हणण्यापेक्षा खूप सोपं असतं, आणि पुढे विचारता येतं की सातावरून सहावर यायला काय झालं पाहिजे. लहान असेल तर चित्र काढायला लावा, किंवा तिसऱ्यावर ढकला, "तुझ्या वयाच्या मुलांना कधीकधी शाळेत जायची भीती वाटते, तुमच्या वर्गात आहे का असं कुणी?" भावनेला नाव देण्याचा फायदा होतो हे 2007 मध्ये मॅथ्यू लिबरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या टीमने मेंदूच्या स्कॅनवरसुद्धा दाखवलंय, चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं शब्दात सांगितलं की मेंदूतला भीतीशी संबंधित अमिग्डाला नावाचा भाग थोडा शांत होतो. म्हणून घरात आपण पण म्हणत जावं, "आज ऑफिसमध्ये माझा अपमान झाल्यासारखं वाटलं, मूड गेला, जरा चालून येते." त्यावरून मुलाला कळतं की वाईट वाटलेलं बोलता येतं आणि त्याने घर कोसळत नाही.

मूल काही बोललंच, तर पहिल्या दहा मिनिटांत उपाय सांगू नका. "यात काय एवढं", "दुर्लक्ष कर", "आमच्या वेळी असलं काही नव्हतं", "तू पण त्याला मार ना" हे सगळे दरवाजे बंद करणारे शब्द आहेत. "बापरे, हे तू एकटाच इतके दिवस घेऊन फिरत होतास?" एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं. आणि "कुणालाही सांगणार नाही" असं प्रॉमिस देऊ नका, कारण जिवाचं काही असेल तर सांगावंच लागेल. त्याऐवजी म्हणा की "तुला विचारल्याशिवाय उगाच कुणाला सांगणार नाही, पण तुला धोका असेल तर मदत आणेन, आणि ते पण तुला सांगूनच."

मुलं का लपवतात, याचाही विचार करा. बहुतेक वेळा लपवण्यात त्यांचा काहीतरी फायदा असतो. सांगितलं तर लेक्चर मिळणार, आई रडणार, बाबा शाळेत जाऊन तमाशा करणार, फोन काढून घेणार. विशेषतः फोन. ऑनलाइन कुणी छळत असेल, घाणेरडे मेसेज येत असतील, फोटोवरून धमकी देत असेल, तर मुलाला माहिती असतं की घरी कळलं की पहिला फोन जाणार, म्हणजे मित्र पण जाणार, म्हणजे शिक्षा त्यालाच. म्हणून काहीही घडायच्या आधीच सांगून ठेवा की मला येऊन सांगितलंस म्हणून मी फोन काढून घेणार नाही. आणि मग शब्द पाळा, कितीही राग आला तरी.

कधी थांबायचं नाही

साधारण नियम असा धरा. बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकलाय, घर आणि शाळा अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसतोय, किंवा त्याच्यामुळे शाळा, झोप, मैत्री, जेवण यातलं काहीतरी अडतंय, तर मदत घ्या. तुमच्या नजरेवर भरवसा वाटत नसेल तर एसडीक्यू म्हणून एक प्रश्नावली आहे, ब्रिटनमधल्या रॉबर्ट गुडमन यांनी 1997 मध्ये मांडलेली, 25 छोटे प्रश्न, भावना, वागणूक, चंचलपणा, मित्र आणि दुसऱ्यांना मदत करणं असे पाच भाग. पालकांसाठी वेगळी, शिक्षकांसाठी वेगळी, आणि 11 वर्षांपुढची मुलं स्वतः पण भरू शकतात. त्याने निदान होत नाही, पण डॉक्टरांसमोर नुसतं "कसंतरी वाटतंय हो" म्हणण्यापेक्षा बरं.

सुरुवात मुलांच्या डॉक्टरांपासून करा, ते पुढे पाठवतात. बोलून, खेळून, सवयी बदलून उपचार करतात ते सायकोलॉजिस्ट, औषध लागलं तर देतात ते सायकियाट्रिस्ट, त्यांच्याकडे गेलं म्हणजे गोळ्या सुरूच होतात असं नाही. मुलांच्या चिंतेवर सीबीटी नावाची, म्हणजे विचार करायच्या आणि वागायच्या सवयी बदलायला शिकवणारी पद्धत चांगली उपयोगी पडते. आणि एक गोष्ट, मुलाला भीती वाटते म्हणून आपण प्रेमाने प्रत्येक गोष्टीतून सूट देत जातो, आज शाळा नको, उद्या वाढदिवसाला नको, मी बोलते तुझ्या वतीने, पण त्यामुळे भीती उलट वाढते. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांना शिकवायचा एक उपचार तयार केलाय ज्यात मूल येतच नाही, आईबापांनी ही सूट हळूहळू कशी कमी करायची आणि त्याच वेळी "मला कळतंय तुला अवघड जातंय, आणि मला खात्री आहे तू हे निभावशील" असं कसं म्हणायचं तेवढंच शिकवतात, आणि 2020 मध्ये आलेल्या अभ्यासात तो मुलाला सीबीटी देण्याच्या तोडीचा निघाला. थोडक्यात, सगळं माफ पण नको आणि खेचत नेणं पण नको, एक एक पायरी.

आता ज्याला दोन आठवडे थांबायचं नाही ते. मरणाबद्दल बोलणं, "मी नसतो तर बरं झालं असतं", आवडत्या वस्तू वाटून टाकणं, निरोप घेतल्यासारखे मेसेज, खूप दिवस खचलेलं मूल अचानक विनाकारण एकदम शांत होणं, उन्हाळ्यातही लांब बाह्या, मनगटावर किंवा मांडीवर ओरखडे, ब्लेड किंवा गोळ्या सापडणं. अशा वेळी सरळ, शांत आवाजात विचारा, "तुला जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं हे ठरवलंयस का?" विचारल्याने डोक्यात कल्पना घुसेल ही भीती सगळ्यांना असते, पण यावर नीट अभ्यास झालेत आणि विचारल्याने धोका वाढत नाही. "हो" म्हटलं तर एकटं सोडू नका, गोळ्या, धारदार वस्तू, विषारी औषधं घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल किंवा तुमच्या भागातली इमर्जन्सी सेवा. ओरखडे दिसले तर "हे काय करून घेतलंस" म्हणून ओरडू नका, बरेचदा ते आतलं दुखणं थोडा वेळ थांबवण्यासाठी केलेलं असतं, पण मदत मात्र लगेच हवी, "अटेन्शनसाठी करते" म्हणून सोडायचं नाही.

एखाद्या ठरावीक माणसाला मूल अचानक टाळायला लागलं, त्याच्या घरी जायला रडायला लागलं, वयाला न शोभणारं लैंगिक बोलायला किंवा खेळायला लागलं, तर जबरदस्तीने पाया पडायला किंवा मिठी मारायला लावू नका. मूल काही बोललं तर "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणा, खोदून खोदून पोलिसांसारखी चौकशी करू नका, त्याने पुढे तपासात अडचण येते, आणि त्या माणसाला मुलासमोर जाब विचारू नका. आधी मूल त्याच्यापासून लांब, मग डॉक्टर आणि बालसंरक्षणाची यंत्रणा.

अपॉइंटमेंट लांबची मिळाली तर मधल्या काळात वही चालू ठेवा, शाळेत एका भरवशाच्या शिक्षकांना थोडक्यात कल्पना द्या, झोपेची वेळ आणि रोजचं थोडं बाहेर हिंडणं सोडू नका. मुलाला जाण्याआधी खरं सांगा, "फिरायला जाऊ" म्हणून दवाखान्यात नेलं की पुढची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात. "तिथे बोलायचं किंवा खेळायचं असतं, इंजेक्शन नसतं, सांगावंसं वाटेल तेवढंच सांग" असं सांगितलं तर बहुतेक मुलं तयार होतात. जाताना वही, शाळेतली निरीक्षणं, चालू असलेली औषधं आणि घरात कुणाला असा त्रास होता का ही माहिती बरोबर असू द्या. आणि तीन-चार वेळा जाऊनही मुलाचं त्या माणसाशी जमलंच नाही, तर दुसऱ्याकडे न्या, संकोच करू नका, डॉक्टरांनाही त्यात वाईट वाटत नाही.